दंडावरची चकती आणि ॲडम हेलर यांचे रसायनशास्त्र : फ्रीस्टाईल लिब्रे सेन्सरचे परीक्षण

ॲबट कंपनीचा फ्रीस्टाईल लिब्रे हा सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवायचा असतो आणि तो १४ दिवस शरीरातील ग्लुकोजची पातळी सतत नोंदवत राहतो. भारतात तो २०२० पासून मिळू लागला. मी अनेक वर्षे इन्सुलिनवर आहे आणि निवृत्त होईपर्यंत सांगलीत रसायनशास्त्र शिकवत होते, त्यामुळे मिरजेच्या डॉक्टरांनी हा सेन्सर लावायला सुचवले तेव्हा रुग्ण म्हणून आणि विषयाची अभ्यासक म्हणून, अशा दोन्ही नात्यांनी मी तो लक्षपूर्वक वापरला. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाने, खर्च झेपत असेल तर, वर्षातले काही पंधरवडे तरी हा सेन्सर लावावा. मात्र त्याने दाखवलेला आकडा कसा तयार होतो हे समजून घेतल्यावाचून तो वापरू नये. हा आकडा ज्या शोधावर उभा आहे तो टेक्सास विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाचा आहे, आणि दुकानात किंवा दवाखान्यात त्यांचे नाव कोणी घेत नाही. म्हणून या परीक्षणात त्यांच्या कामाला बरीच जागा दिली आहे.

आधी वस्तूविषयी. पेटीत सेन्सर आणि तो बसवण्याचे प्लॅस्टिकचे साधन असते. दंडाची मागची बाजू स्वच्छ पुसून कोरडी झाली की हे साधन तेथे टेकवून दाबायचे. आतली सुई क्षणभर त्वचेत शिरते, सुमारे ५ मिलिमीटर लांबीचा एक अत्यंत बारीक तंतू त्वचेखाली ठेवते आणि लगेच मागे येते. बाहेर उरते ती ३५ मिलिमीटर व्यासाची आणि ५ मिलिमीटर जाडीची पांढरी चकती. बोट टोचताना होते तेवढीही वेदना मला जाणवली नाही. लावल्यानंतर एक तास थांबावे लागते, त्यानंतर मोबाईल चकतीजवळ नेला की ॲपमध्ये त्या क्षणाचा आकडा, मागच्या ८ तासांचा आलेख आणि एक बाण दिसतो. पोलके किंवा सदरा यांच्यावरूनही वाचन होते, बाही वर करावी लागत नाही. एकच काळजी घ्यावी लागते, ती साडी नेसणाऱ्या बायकांना: घट्ट बाहीचे पोलके घालताना आणि काढताना चकतीची कड अडकते, म्हणून त्या पंधरवड्यापुरती सैल बाहीची पोलकी वेगळी काढून ठेवावीत. अंघोळीला अडचण नाही.

बाण हा या उपकरणातला सर्वांत मोलाचा भाग आहे, असे मी विचारपूर्वक म्हणते. पावसाळ्यात कृष्णेला पूर आला की सांगलीतला प्रत्येक माणूस आयर्विन पुलाजवळची पातळी विचारतो. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका हे इथल्या शाळकरी मुलालाही माहीत असते. पण कोणी नुसता आकडा सांगितला तर आपले समाधान होत नाही, आपण लगेच विचारतो, ‘पाणी चढतंय की उतरतंय?’ बोट टोचून घेतलेला आकडा हा त्या पातळीसारखा एकटा असतो. जेवणापूर्वी १२० आला तर तो १६० वरून खाली येत असलेला १२० आहे की ९० वरून वर जात असलेला, हे ग्लुकोमीटर सांगू शकत नाही, आणि इन्सुलिन किती घ्यायचे हे ठरवताना नेमका तोच फरक महत्त्वाचा ठरतो. सेन्सर दर मिनिटाला मोजतो आणि दर १५ मिनिटांची नोंद साठवतो, त्यामुळे त्याच्याकडे दिशाही असते आणि वेगही असतो.

आता हे मोजमाप होते कसे? ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम, इतर शर्करांना जवळजवळ स्पर्श न करता ग्लुकोजवरच क्रिया करते आणि त्याच्याकडून दोन इलेक्ट्रॉन काढून घेते. हे इलेक्ट्रॉन मोजता आले की ग्लुकोज मोजता येते. १९५६ साली विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा इलेक्ट्रोड तयार करणारे अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ लीलँड क्लार्क यांनी १९६२ साली चँप लायन्स यांच्यासह ही कल्पना मांडली. हे विकर पातळ पडद्यांमध्ये अडकवून इलेक्ट्रोडवर बसवायचे, म्हणजे ग्लुकोजच्या प्रमाणात ऑक्सिजन किती खर्च झाला ते कळेल, अशी त्यांची रचना होती. जगातल्या सर्व जैवसंवेदकांचा उगम इथे आहे आणि क्लार्क यांचा मान त्यात अढळ आहे.

परंतु या रचनेत एक मूलभूत अडचण होती. विकराने घेतलेले इलेक्ट्रॉन ऑक्सिजनच्या हाती जात आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असे. पुढच्या काळात बहुतेक सेन्सर हे पेरॉक्साइडच मोजत राहिले. शरीराच्या ऊतींमध्ये मात्र ग्लुकोज भरपूर आणि ऑक्सिजन तुटपुंजा असतो, म्हणून साखर वाढली तरी ऑक्सिजन पुरत नाही आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी पडतो. दुसरे असे की पेरॉक्साइड मोजण्यासाठी इलेक्ट्रोडवर बराच उच्च विभव, म्हणजे व्होल्टेज, ठेवावा लागतो, आणि तेवढ्या विभवाला पॅरासिटामॉल किंवा व्हिटॅमिन सी यांसारखे पदार्थही ऑक्सिडाइज होऊन आकड्यात भर घालतात. तापासाठी घेतलेल्या साध्या गोळीने साखर वाढलेली दिसावी, ही इन्सुलिन घेणाऱ्या माणसासाठी लहान गोष्ट नाही. ऑक्सिजनला वगळून थेट विकराकडूनच इलेक्ट्रॉन घ्यावेत, तर विकराचे क्रियाशील केंद्र प्रथिनाच्या जाड वेष्टनात खोल दडलेले असते आणि ते वेष्टन विजेचे दुर्वाहक आहे. इलेक्ट्रोड वेष्टनाला बाहेरून टेकतो, आतपर्यंत पोहोचत नाही.

ॲडम हेलर यांनी सोडवला तो हाच प्रश्न. १९३३ साली रुमानियातील क्लुज शहरात जन्मलेले हेलर ज्यूंच्या संहारातून बचावले, पुढे इस्राएलमध्ये गेले आणि १९६१ साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून अमेरिकेत आले. त्यांची सुरुवातीची कामे पाहिली तर मधुमेहाशी त्यांचा काही संबंध येईल असे कोणालाही वाटले नसते. जीटीई या अमेरिकन दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांनी निओडिमियमच्या द्रवरूप लेसरवर काम केले. तेथेच १९७३ च्या सुमारास लिथियम-थायोनिल क्लोराइड बॅटरीच्या शोधात त्यांचा वाटा होता. ही बॅटरी वर्षानुवर्षे टिकते आणि म्हणून शरीरात बसवल्या जाणाऱ्या वैद्यकीय उपकरणांमध्येही वापरली गेली. १९७५ साली ते बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या नामांकित संशोधन संस्थेत गेले आणि पुढे तेथे त्यांनी इलेक्ट्रॉनिक पदार्थांच्या संशोधन विभागाचे नेतृत्व केले. या सगळ्या कामांतून एकच प्रश्न वाहताना मला दिसतो: एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात इलेक्ट्रॉन नेमका कसा आणि किती वेगाने जातो? बेल लॅब्जमध्येच त्यांनी यिनोन देगानी यांच्यासह विकराच्या रेणूलाच इलेक्ट्रॉन वाहून नेणारे गट जोडले आणि विकर व इलेक्ट्रोड यांच्यात थेट विद्युतसंपर्क साधता येतो हे १९८७ साली दाखवून दिले.

१९८८ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास, ते ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात रासायनिक अभियांत्रिकीचे प्राध्यापक झाले. अनेकांच्या आयुष्यात या वयात काम आवरते घेण्याचा विचार सुरू होतो, हेलर यांचे सर्वांत मोठे काम मात्र इथून पुढचे आहे. ऑस्टिनमध्ये त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ऑस्मियम या धातूची संयुगे लांब बहुवारिक, म्हणजे पॉलिमरच्या, साखळ्यांना जोडली आणि त्यांचे पाणी धरणारे एक जाळे बनवले. विकर या जाळ्यात घट्ट बांधलेले असते. ग्लुकोज पाण्याबरोबर आत शिरते, विकर त्याचे इलेक्ट्रॉन काढते आणि ते इलेक्ट्रॉन एका ऑस्मियम केंद्रावरून दुसऱ्यावर उड्या घेत इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतात. या तंत्राला ‘तारा जोडलेली विकरे’ अशा अर्थाचे नाव मिळाले. ऑक्सिजनची गरज फारशी उरली नाही, विभव बराच कमी ठेवता आला आणि पॅरासिटामॉलचा अडथळा टळला. शिवाय ऑस्मियम साखळीला बांधलेले असल्यामुळे ते शरीरात झिरपत नाही. वर्गात ऑक्सिडीकरण-क्षपण शिकवताना मी वर्षानुवर्षे बॅटरीचीच उदाहरणे दिली. तीच अभिक्रिया आता माझ्या दंडात दर मिनिटाला घडत आहे आणि तिच्यावरून माझा इन्सुलिनचा डोस ठरत आहे, या जाणिवेने मला झालेला आनंद मी इथे मोकळेपणाने नोंदवते.

हेलर यांनी १९९६ साली मुलगा एफ्राईम यांच्यासह थेरासेन्स ही कंपनी स्थापन केली. २००० साली त्यांचा फ्रीस्टाईल हा ग्लुकोमीटर बाजारात आला, त्याला रक्त लागे अवघे ०.३ मायक्रोलिटर. एका अतिशय अरुंद पोकळीत सापडलेल्या थेंबातले सगळेच ग्लुकोज वापरून एकूण विद्युतभार मोजायचा, हे त्याचे तत्त्व होते. इतके थोडे रक्त पुरत असल्याने बोटाऐवजी हाताच्या कमी दुखणाऱ्या भागातूनही तपासणी करता येऊ लागली. २००४ साली ॲबटने ही कंपनी विकत घेतली, २००८ साली सतत मोजणाऱ्या नॅव्हिगेटर या उपकरणाला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि २०१४ साली युरोपात लिब्रे आला. हेलर यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान व नवोन्मेष पदक मिळाले आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की लेसर, बॅटरी आणि विकर अशा दूरच्या क्षेत्रांत फिरणाऱ्या माणसाला विद्यापीठाने एकाच प्रश्नावर दीर्घकाळ काम करू दिले. आपल्याकडच्या विद्यापीठांत विज्ञानाच्या विभागांवर ज्या घाईने निकाल मागितले जातात ती घाई पाहिली की हे प्रकर्षाने जाणवते.

लिब्रे बसवताना बोट टोचून तुलना करून घ्यावी लागत नाही, कारण त्याचे प्रमाणीकरण कारखान्यातच झालेले असते. त्याआधीच्या अनेक सेन्सरांना दिवसातून एकदोनदा बोटाच्या रक्ताचा आकडा भरवावा लागत असे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात बोटाच्या रक्ताशी तुलना करता या सेन्सरचा सरासरी फरक ११.४ टक्के आढळला होता. म्हणजे प्रत्यक्षात १५० असेल तर सेन्सर १३३ ते १६७ यांच्यात कोठेही दाखवू शकतो, आणि हा फरक सरासरीचा असल्यामुळे पुष्कळदा त्याही बाहेर. हा फरक मान्य करूनच वापर करावा. दुसऱ्या एका अभ्यासात, जो २०१६ साली लॅन्सेट या नियतकालिकात आला, टाइप १ मधुमेह असलेल्या आणि साखर चांगली आटोक्यात असलेल्या प्रौढांमध्ये साखर धोकादायक रीतीने कमी असण्याचा दिवसातला काळ या सेन्सरमुळे ३८ टक्क्यांनी घटला. मला हा निष्कर्ष सर्वांत बोलका वाटतो, कारण साखर वाढल्याची भीती आपण सगळे बाळगतो, पण झोपेत ती उतरली तर जिवावर बेतते याचे भान पुष्कळ घरांत नसते.

माझ्या आलेखात पहिल्यांदा लक्ष वेधले ते रात्रीनेच. सकाळची उपाशीपोटीची साखर वाढलेली येते म्हणून रात्रीचे इन्सुलिन वाढवावे, असे मला वाटत होते. आलेखात दिसले की पहाटे तीनच्या सुमारास रेषा ७० च्या खाली जाते आणि त्यानंतर चढू लागते. डॉक्टरांनी तो अहवाल पाहून डोस वाढवण्याऐवजी कमी केला आणि त्याची वेळ बदलली. बोट टोचून हे कळण्यासाठी रोज पहाटे तीनला उठावे लागले असते.

खाण्याच्या बाबतीत या चकतीने माझे काही समज पक्के केले आणि काही मोडले. सांगलीच्या भडंगाचा आलेख पाहून मला वाईट वाटले, कारण चार वाजता वाटीभर भडंग हे या गावातल्या घराघरांतले समाधान आहे. पण चुरमुऱ्यातला स्टार्च फुगवून इतका सच्छिद्र झालेला असतो की तो फार लवकर पचतो, आणि माझी रेषा उभीच्या उभी वर गेली. भरपूर शेंगदाणे घालून अर्धी वाटी खाल्ली तेव्हा चढ सौम्य झाला, तेवढ्यावर मी समाधान मानते. ज्वारीची भाकरी खाल्ली की साखर वाढतच नाही, हा आपल्याकडचा समज खरा नाही. ती वाढते, फक्त सावकाश वाढते, आणि सोबत पालेभाजी व उसळ असेल तर आणखी सावकाश. तासगावचे बेदाणे ‘फळच आहे’ म्हणून मूठभर खाणाऱ्यांनी एकदा आपला आलेख पाहावा. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास चालण्याचा परिणाम इतका स्पष्ट दिसला की त्यासाठी मला आता कोणी आग्रह करावा लागत नाही. हे माझ्या शरीराचे आलेख आहेत, दुसऱ्याचे वेगळे असतील, आणि म्हणूनच प्रत्येकाने आपला पाहावा.

ॲपच्या अहवालात ७० ते १८० या पट्ट्यात दिवसाचा किती काळ गेला ते टक्क्यांत येते. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार बहुतेक प्रौढांसाठी हे प्रमाण ७० टक्क्यांहून अधिक असावे. वयस्कर आणि इतर व्याधी असलेल्यांसाठी ५० टक्क्यांहून अधिक असले तरी पुरेसे मानतात, पण त्यांची साखर ७० च्या खाली एक टक्क्याहून कमी काळ असावी. तीन महिन्यांच्या एचबीए१सी तपासणीत फक्त सरासरी कळते. खूप वर आणि खूप खाली जाणाऱ्या दोन टोकांची सरासरीही सुरेख येऊ शकते. डॉक्टरांकडे जाताना हा अहवाल सोबत न्यावा.

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. सेन्सर रक्त मोजत नाही, पेशींच्या भोवतीचा द्रव मोजतो, आणि रक्तातला बदल तेथे पोहोचायला काही मिनिटे लागतात. जेवणानंतर किंवा चालताना साखर वेगाने बदलत असेल तेव्हा दोन आकडे जुळणार नाहीत, त्यात कोणाचा दोष नसतो. घाम सुटला, हात थरथरू लागले आणि चकती मात्र १०० दाखवत असेल, तर शरीरावर विश्वास ठेवावा, बोट टोचून खात्री करावी आणि साखर घ्यावी. म्हणून जुना ग्लुकोमीटर आणि पट्ट्या घरात असायलाच हव्यात. लावल्यानंतरच्या पहिल्या दिवसाचे आकडे कमी विश्वासार्ह असतात. त्या दंडावर दाब देऊन झोपल्यास साखर खोटीच उतरलेली दिसते. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी आकडा वाढू शकतो. जेवणातल्या लिंबाची काळजी करू नये. या आवृत्तीच्या सूचनांनुसार एमआरआय, सीटी स्कॅन किंवा एक्स-रे काढण्यापूर्वी चकती काढावी लागते, तेव्हा मिरजेला अशा तपासण्यांसाठी जाणाऱ्यांनी तारीख पाहूनच नवा सेन्सर लावावा. काहींच्या त्वचेला चिकटपट्टी सोसत नाही. आणि मी वापरलेली ही मूळ आवृत्ती स्वतःहून गजर करत नाही, आपण मोबाईल जवळ नेला तरच बोलते. नंतरच्या आवृत्त्यांत गजराची सोय आली आहे. रात्री बेशुद्ध होण्याचा पूर्वानुभव असलेल्या रुग्णाने गजर असलेलीच आवृत्ती घ्यावी. ८ तासांहून अधिक काळ वाचन केले नाही तर मधली नोंद पुसली जाते, म्हणून झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर वाचन करण्याची सवय लावून घ्यावी.

किंमत हा या उपकरणाचा खरा अडसर आहे. एका सेन्सरला चार-पाच हजारांच्या घरात पैसे पडतात आणि तो पंधरवड्यात संपतो. वर्षभर सतत लावायचा म्हटले तर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाला लाखाच्या पुढचा हिशेब करावा लागेल, आणि जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगाराने किंवा हळदीच्या अडतीवरच्या हमालाने त्याचा विचारही करू नये अशी ही रक्कम आहे. मधुमेह मात्र माणूस पाहून येत नाही. सार्वजनिक रुग्णालयांतून, निदान टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांना आणि मधुमेह असलेल्या गर्भवतींना, हे सेन्सर मिळायला हवेत असे माझे ठाम मत आहे. मी स्वतः तो सतत लावत नाही. डोस बदलला, आजारपण आले, किंवा ऋतू बदलून जेवणाच्या वेळा बदलल्या की एक पंधरवडा लावते, आलेखावरून शिकते आणि मधल्या काळात पट्ट्यांवर भागवते. केवळ गोळ्यांवर असलेल्या आणि साखर स्थिर असलेल्या माणसाने तर याहूनही क्वचित लावला तरी चालेल.

विकत घेताना मुदतीची तारीख पाहावी आणि दुकानदाराने तो कोठे ठेवला होता हे विचारावे. विकर हे प्रथिन आहे, उष्णतेने त्याची क्रियाशीलता घटते, आणि एप्रिल-मे महिन्यांत सांगलीतल्या बंद खोलीचे तापमान पेटीवर छापलेल्या मर्यादेच्या सहज वर जाते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत सेन्सर ठेवू नये. आपला मोबाईल या ॲपला चालतो की नाही हे आधी तपासून घ्यावे, कारण वाचनासाठी त्यात एनएफसी, म्हणजे वस्तू जवळ नेताच बिनतारी माहिती घेण्याची सोय, असावे लागते आणि स्वस्त मोबाईलांत ते बहुधा नसते. अशा वेळी वेगळे वाचनयंत्र घ्यावे लागते आणि खर्च वाढतो. पहिला सेन्सर शक्यतो डॉक्टरांकडे किंवा जाणत्या परिचारिकेकडून लावून घ्यावा, पुढचे घरी सहज लावता येतात. लावून झाल्यावर हाती उरणाऱ्या साधनात सुई असते. ती महानगरपालिकेच्या घंटागाडीत ओल्या-सुक्या कचऱ्याबरोबर टाकू नये, जाड डब्यात बंद करून पुढच्या खेपेला दवाखान्यात द्यावी.